कुत्र्याला पीनट बटर द्यावं का? गोळी लपवायला आणि चाटायला: कोणतं, किती, कसं

बीगल_घरी

बीगल मादी, वय ४, नसबंदी झालेली. वजन १४ किलो, व्हेटनी ११ किलोवर आणायला सांगितलं आहे. थायरॉइड कमी असल्यामुळे सकाळ-संध्याकाळ लेव्होथायरॉक्सिनची गोळी चालू आहे. खाण्यात टाकली की ती सगळं खाते आणि गोळी वाटीत स्वच्छ चाटून ठेवते. म्हणून गोळी पीनट बटरमध्ये लपवायचा विचार आहे. शिवाय नखं कापताना चाटायच्या चटईवर (खाचा असलेली चटई, तिच्यावर लावलेलं खाणं कुत्रा चाटत बसतो) थोडं लावलं तर ती स्थिर राहील असं वाटतं.

घरात दोन डबे आहेत. एकावर घटक लिहिलेत: भाजलेले शेंगदाणे, साखर, पाम तेल, मीठ. दुसरा ‘शुगर फ्री, हाय प्रोटीन’ आहे. वजन उतरवायचं असल्याने दुसरा बरा, असा माझा अंदाज. रोज एक चमचा चालेल का? आणि विकतच्यापेक्षा घरी केलेलं चांगलं का?

लेबलवाचक

आधी तो शुगर फ्री डबा तिचं तोंड पोचणार नाही अशा कपाटात ठेवा, मग पुढचं वाचा.

शेंगदाणा कुत्र्यांना विषारी नाही. साधं पीनट बटर थोडं दिलं तर बहुतेक निरोगी कुत्र्यांना काही होत नाही. जीव जाऊ शकतो तो झायलिटॉल या गोडव्यामुळे, आणि तो नेमका शुगर फ्री किंवा कमी कार्बच्या डब्यांत सापडतो. माणसात झायलिटॉलमुळे इन्सुलिन फारसं वाढत नाही, म्हणून मधुमेहींच्या पदार्थांत ते घालतात. कुत्र्यात उलट होतं. झायलिटॉल झपाट्याने रक्तात उतरतं, स्वादुपिंड भरमसाट इन्सुलिन सोडतं आणि रक्तातली साखर धाडकन खाली येते. मात्रा जास्त असेल तर पाठोपाठ यकृताच्या पेशी मरायला लागतात.

आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.१ ग्रॅम झायलिटॉलला साखर उतरू शकते आणि ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृताला धोका धरतात. तुमच्या १४ किलोच्या कुत्रीसाठी पहिली पातळी म्हणजे १.४ ग्रॅम. समजा एखाद्या डब्यात वजनाच्या १०% झायलिटॉल आहे, तर १४ ग्रॅम पीनट बटरमध्ये तेवढं भरतं. तो एक मोठा चमचाही होत नाही. ५ किलोच्या कुत्र्याला एक सपाट छोटा चमचा पुरतो.

डबा वाचताना पुढची बाजू सोडून द्या. ‘नॅचरल’ या शब्दावर तर अजिबात जाऊ नका, कारण झायलिटॉल बर्चच्या लाकडापासून किंवा दाणे काढलेल्या मक्याच्या कणसापासून बनवतात आणि त्यालाही नैसर्गिक म्हणून विकता येतं. मागची घटकांची यादी शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. इंग्रजी एक्स अक्षराने सुरू होणारा ‘xylitol’ हा शब्द शोधा. तो नसेल तरी ‘बर्च शुगर’, ‘वुड शुगर’, ‘ई ९६७’ किंवा नुसता ९६७ हा आकडा आहे का बघा. यादीत नुसतं ‘शुगर अल्कोहोल’ किंवा ‘स्वीटनर’ लिहून नाव दिलेलं नसेल, तर तो डबा कुत्र्यासाठी नाही असंच धरा.

सारमेय

वरच्या उत्तरात एक भर. शुगर फ्री म्हणजे दर वेळी झायलिटॉलच असं नाही. स्टीव्हिया, एरिथ्रिटॉल, सुक्रालोज यांच्यामुळे कुत्र्याची साखर अशी कोसळत नाही. मात्र एरिथ्रिटॉल, सॉर्बिटॉल, माल्टिटॉल यांनी जुलाब होऊ शकतात आणि कुत्र्याला त्यातलं काहीच नको असतं. शिवाय उत्पादक घटक बदलतात. त्याच नावाचा डबा आणला तरी यादी पुन्हा वाचायची.

साखर नसलेला डबा हवा असेल तर ज्याच्या यादीत ‘शेंगदाणे’ एवढाच एक शब्द आहे तो घ्या. तुमचा पहिला डबा विषारी नाही, पण साखर, मीठ आणि वरचं तेल या तिन्हींचा तिला उपयोग शून्य आहे. संपेपर्यंत घरातली माणसं खातील.

चॉकलेट घातलेलं पीनट बटर नको. मिश्र नट बटर घेताना त्यात मॅकाडेमिया नाही ना ते पाहा, त्याने कुत्र्यांचे मागचे पाय लुळे पडतात, उलट्या होतात, ताप येतो. मनुका असलेले प्रकारही नकोत, मनुकांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.

तोलून_मापून

‘रोज एक चमचा’ यातला चमचा कोणता, यावर सगळं अवलंबून आहे. सपाट भरलेला छोटा चमचा साधारण ५ ग्रॅमचा, त्यात ३० कॅलरी. मोठा चमचा १६ ग्रॅमचा, ९५ कॅलरी. डब्यातून सहज उचललेला शिगोशीग चमचा २५ ग्रॅमही भरतो. त्यामुळे पहिले काही दिवस स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वाटी ठेवून मोजा, मग अंदाज बसतो.

आता तुमच्या कुत्रीचा हिशेब. विश्रांतीच्या स्थितीत लागणारी ऊर्जा काढायला वजनाचा ०.७५ घात करून ७० ने गुणतात. वजन उतरवायचं असेल तेव्हा आजचं वजन धरायचं नाही, गाठायचं ते धरायचं. ११ किलोला हा आकडा साधारण ४२० कॅलरी येतो. धडधाकट, नसबंदी झालेल्या कुत्रीला याच्या १.६ पट देतात, पण वजन कमी करताना ४२० च्याच आसपास दिवसभराचं खाणं बसवतात. तुमच्या व्हेटनी वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. मुख्य आहाराबाहेरचं सगळं मिळून १०% च्या आत ठेवायचं, म्हणजे ४२ कॅलरी. पीनट बटरच्या भाषेत ७ ग्रॅम. त्यात प्रशिक्षणाची बिस्किटं, जेवताना टाकलेला तुकडा, दातांसाठीची कांडी, सगळं आलं. म्हणजे रोजचा एक मोठा चमचा तिच्या वाट्याच्या दुपटीहून जास्त होतो. आणि पीनट बटरच्या जेवढ्या कॅलरी गेल्या तेवढं कोरडं खाणं वाटीतून काढून घ्यायचं. हे न केल्याने महिनोन् महिने वजनाचा काटा जागचा हलत नाही.

कॅलरीपेक्षाही मला तिच्याबाबतीत चरबीची काळजी वाटते. पीनट बटरमध्ये वजनाच्या निम्मी चरबी असते. थायरॉइड कमी असलेल्या कुत्र्यांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या चरबीचा एक प्रकार) आणि कोलेस्टेरॉल वाढलेलं असणं अगदी नेहमीचं. अशा कुत्र्याला स्वादुपिंडदाह, म्हणजे स्वादुपिंडाला सूज, होण्याचा धोका जास्त. लठ्ठपणा त्यात भर घालतो. मिनिएचर श्नाउझर जातीत तर रक्तातली चरबी मुळातच वाढलेली सापडते, त्यांना हे द्यायचंच नाही असं मी म्हणेन. तेव्हा शेवटच्या रक्ततपासणीत ट्रायग्लिसराइड किती होतं ते आधी बघा. वाढलेलं असेल तर गोळीसाठीही पीनट बटर नको, तिच्याच ओल्या डॉग फूडचा छोटा गोळा वापरा.

स्वादुपिंडदाहाची खूण कशी ओळखायची: चरबीचं काही खाल्ल्यावर काही तासांत किंवा पुढच्या एक-दोन दिवसांत पुन्हा पुन्हा उलट्या, खाण्याकडे पाठ, पोटाला हात लावू न देणं, पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर धरून उभं राहणं. हे दिसलं तर घरी पोट साफ करण्याचे उपाय करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना.

बीगल_घरी

दुसऱ्या डब्यावर ‘स्वीटनर (९६७)’ असं लिहिलेलं सापडलं. तिने त्यातलं काहीही खाल्लेलं नाही. डबा घरातून काढला. पण समजा एखाद्या कुत्र्याने असं चाटलंच, तर नेमकं काय करायचं? मीठपाणी पाजून उलटी करवावी असं बरेच जण सांगतात.

लेबलवाचक

मीठपाणी अजिबात नाही. त्याने रक्तातलं सोडियम वाढून झटके येऊ शकतात, म्हणजे एका विषाचे दोन होतात. उलटीसाठी हायड्रोजन पेरॉक्साइडसुद्धा व्हेटनी फोनवर स्वतः सांगितल्याशिवाय द्यायचं नाही.

क्रम असा ठेवा. पहिलं काम म्हणजे व्हेटला फोन, लक्षणांची वाट न पाहता. चार गोष्टी सांगायच्या: कुत्र्याचं वजन, डब्यावरचे घटक, किती खाल्लं (डब्यात किती उरलंय त्यावरून), आणि किती वाजता. रिकामा डबा सोबत न्या. खाल्ल्यावर तासाच्या आत पोचलात आणि कुत्रा शुद्धीवर असेल, तर व्हेट इंजेक्शन देऊन उलटी करवू शकतात. पोटातलं विष शोषायला देतात तो सक्रिय कोळसा इथे जवळजवळ निकामी आहे, झायलिटॉल त्याला नीट चिकटत नाही. त्यामुळे घरात कोळशाच्या गोळ्या आहेत म्हणून निर्धास्त राहू नका.

साखर बहुधा अर्ध्या ते एका तासात उतरायला लागते, पण १२ तासांनीही उतरू शकते. उलटी, अंगातलं त्राण जाणं, झोकांड्या, थरथर, मग झटके किंवा बेशुद्धी. झोकांड्या सुरू झाल्या असतील तर दवाखान्याकडे निघता निघता बोटाने हिरड्यांवर मध किंवा साखरेचा घट्ट पाक चोळा. बेशुद्ध किंवा झटके येत असलेल्या कुत्र्याच्या तोंडात काही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं, आणि झटके चालू असताना बोटही तोंडात घालू नका. पाक चोळल्यावर कुत्रा तरतरीत झाला तरी परत फिरायचं नाही. तो परिणाम थोडाच वेळ टिकतो. दवाखान्यात शिरेतून डेक्स्ट्रोज देऊन साखर दर १-२ तासांनी मोजत राहतात. यकृताचा त्रास मात्र उशिरा उघडा पडतो, त्यामुळे यकृताच्या तपासण्या पुढचे ७२ तास पुन्हा पुन्हा करतात. ‘काल ठीक होता’ म्हणून दुसरी-तिसरी तपासणी चुकवू नये.

च्युइंगम, बिनसाखरेच्या पुदिन्याच्या गोळ्या, माणसांची टूथपेस्ट, माउथवॉश, चघळायची जीवनसत्त्वं, काही पातळ औषधं यांतही हेच असू शकतं. हँडबॅग जमिनीवर ठेवायची सवय कुत्रा असलेल्या घरात मोडायलाच हवी.

गोळीवाला

आता गोळीकडे वळतो.

लेव्होथायरॉक्सिन खाण्यासोबत दिलं तर कमी शोषलं जातं. म्हणून नियम एवढाच: रोज एकाच पद्धतीने द्या. उपाशीपोटी तर उपाशीपोटी, खाण्यासोबत तर खाण्यासोबत. आज पीनट बटरमध्ये, उद्या रिकाम्या पोटी असं केलंत तर रक्तातली पातळी वरखाली होते आणि डोस ठरवणं कठीण जातं. पद्धत बदलणार असाल तर व्हेटना कळवा. थायरॉइडची पुढची रक्ततपासणी गोळीनंतर ४ ते ६ तासांनी करतात, त्या दिवशीही गोळी नेहमीसारखीच द्यायची.

इतर औषधांचं वेगळं असतं. काही उपाशीपोटीच लागतात. आतड्यात विरघळणारं आवरण असलेली गोळी चुरून कालवली तर तिचा उपयोग जातो. कॅप्सूल उघडायची का, हे विचारल्याशिवाय करू नये.

लपवायची कृती: तीन सारखे घास करायचे. पहिला गोळीशिवाय, दुसऱ्यात गोळी, तिसरा पुन्हा गोळीशिवाय. पहिला गिळला की दुसरा द्या आणि त्याच क्षणी तिसरा तिच्या नाकासमोर धरा. तिसऱ्याच्या ओढीने ती दुसरा न चावता गिळते. सगळा खेळ वेगाचा आहे. दुसरा घास देऊन तिच्याकडे टक लावून बसलात तर बीगलला लगेच कळतं.

तुमच्या ७ ग्रॅममध्ये हे बसवायचं तर तिन्ही घास पीनट बटरचे नकोत. पहिला आणि तिसरा तिच्या नेहमीच्या खाण्याचा दाणा, पाण्यात भिजवून दाबलेला आणि वरून पीनट बटरचं नुसतं बोट फिरवलेला. मधला तेवढा खरा, गोळी जेमतेम झाकेल इतका, हरभऱ्याएवढा. असा घास १-२ ग्रॅमचा होतो. दोन वेळचे मिळून २५ कॅलरींच्या आत राहतं.

फसतं कुठे? गोळी हाताळलेल्या बोटांनीच बाहेरचा थर लावला तर औषधाचा वास बाहेर येतो. एका हाताने गोळी, दुसऱ्याने पीनट बटर. घास फार मोठा केला तर ती चावते, आणि चावली की कडू लागते. डब्यातून थेट काढलेलं पीनट बटर हाताला चिकटतं, ते अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, गोळा नीट वळतो. शेवटी दोन घोट पाणी प्यायला द्या, म्हणजे गोळी अन्ननलिकेत अडकत नाही. आणि दिवसातून दोनदा औषधाशिवायचा चमचाभर ‘असाच’ देऊ नका, खास चव गोळीसाठी राखून ठेवलीत तरच ती पुढेही काम करते.

चाटण_चटई

नखांसाठीच्या चटईबद्दल. पीनट बटरचा जाड थर लावणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. जाड गोळा टाळूला चिकटतो, कुत्रा अस्वस्थ होऊन तोंडावर पंजे मारतो आणि नखं कापणं राहूनच जातं. तिचं कोरडं खाणं २० ग्रॅम घ्या, बुडेल इतक्या कोमट पाण्यात २० मिनिटं भिजवा, काट्याने लगदा करा. हे त्या दिवशीच्या वाटीतून वजा. अर्धा छोटा चमचा पीनट बटर एक चमचा कोमट पाण्यात पातळ करून लगद्यात कालवा किंवा वरून फिरवा. वास सगळ्या चटईला लागतो आणि पीनट बटर २-३ ग्रॅमच जातं. चटईच्या खाचांत उलथन्याने दाबून बसवा, दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेलं चाटायला वेळ लागतो, चारही पंजे निघतात.

चटई गुडघ्याच्या उंचीवर भिंतीला चिकटवा, तोंड वर राहतं आणि पुढचे पंजे मोकळे मिळतात. पहिले दोन-तीन दिवस नेलकटर फक्त पंजाला टेकवा, कापू नका. सुरुवातीलाच कापलं तर चटई दिसली की ती पळायला शिकेल.

धुणं महत्त्वाचं. खाचांत राहिलेली चरबी खवट होते आणि तिथे जंतू वाढतात. वापरून झाली की लगेच गरम साबणाच्या पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने घासा. पोकळ रबरी खेळण्यात भरत असाल तर त्याला दोन्ही टोकांना भोकं असलीच पाहिजेत. एकच भोक असलं तर आत हवेची पोकळी तयार होऊन जीभ अडकते.

सारमेय

घरी करण्याचा प्रश्न राहिला. घरी केलेल्यात काय गेलंय हे तुम्हाला माहीत असतं, हा मोठा फायदा. पण शेंगदाणा निवडण्यात कसूर झाली तर विकतचं जास्त सुरक्षित, हे मी ठामपणे सांगतो. शेंगदाण्यावर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी येते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते यकृतावर जातं आणि कुत्रे त्याला फार नाजूक आहेत. भाजल्याने ते पूर्ण नष्ट होत नाही. काळपट, सुरकुतलेला, फुटका, हिरवट-करडी पूड धरलेला किंवा कुबट वासाचा दाणा भाजण्याआधीच काढून टाका. एका पिशवीत असे बरेच निघाले तर निवडत बसू नका, पिशवीच फेका, कारण हे विष डोळ्यांना दिसत नाही. फोलांसकट शेंगाही कुत्र्याला नकोत, टरफल पचत नाही आणि त्यावरही बुरशी असू शकते.

२०० ग्रॅम दाणे मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं सतत हलवत भाजा. पूर्ण गार करून सालं काढा. मिक्सरमध्ये ३० सेकंद फिरवा, थांबा, कडा खरवडा, पुन्हा फिरवा. आधी कूट होतो, मग त्याचा घट्ट गोळा बनून पातं अडतं. बहुतेक जण इथे कंटाळून तेल ओततात. ओतू नका. भांडं पाच मिनिटं थंड होऊ द्या आणि पुन्हा फिरवा, दाण्याचंच तेल सुटून मऊ होतं. मीठ, साखर, मध काही नको. कोरड्या काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, तीन आठवड्यांत संपवा, ओला चमचा घालू नका. दोन-तीन दिवसांनी वर तेल तरंगेल. ते ढवळून परत मिसळण्याऐवजी ओतून टाका, तेवढी चरबी कमी झाली.

चरबी आणखी कमी हवी असेल तर शेंगदाण्याची तेल काढलेली पावडर मिळते, ती पाण्यात कालवून तसाच वास येतो. फक्त तिच्यातही गोडवा मिसळलेला असू शकतो, यादी वाचाच.

पगची_ताई

इथेच विचारते. पाच महिन्यांचा पग, ४ किलो. घरात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं लहान मूल आहे. थोडंसं दिलं तर?

तोलून_मापून

ताई, तुमच्या घरात अजिबात नको, आणि कारण पग नाही, मूल आहे. कुत्र्याच्या थुंकीतून, मिशांवरून, चाटलेल्या खेळण्यांवरून शेंगदाण्याचं प्रथिन मुलाच्या हाता-तोंडाला लागतं. कुत्र्याने तोंड चाटलं तरी पुरे. पिल्लाच्या बिस्किटांत शेंगदाणा आहे का तेही तपासा.

अ‍ॅलर्जीचा प्रश्न नसलेल्या घरांसाठी: पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना घट्ट पीनट बटर कधीच नाही, पाण्याने पातळ केलेलंच. कोणत्याही कुत्र्याला पहिल्यांदा पाव छोटा चमचा द्या आणि ४८ तास जुलाब, उलटी, खाज, कान खाजवणं यांकडे लक्ष ठेवा. व्हेटनी खाज शोधण्यासाठी ठरावीक आहार चालू केला असेल तर त्या आठवड्यांत गोळीपुरतंही नको, सगळी परीक्षा वाया जाते. लघवीत कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे झालेल्या कुत्र्यालाही नको, शेंगदाण्यात ऑक्झलेट बरंच असतं. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारात मीठ घातलेलं नको.

बीगल_घरी

रिपोर्ट काढून पाहिला, ट्रायग्लिसराइड वाढलेलं आहे. म्हणजे सध्या ओल्या डॉग फूडचा गोळा, तीन घासांची पद्धत तीच, आणि चटईवर नुसता लगदा. पुढच्या तपासणीत उतरलं तर काट्यावर मोजून सुरू करावं का?

तोलून_मापून

हो, पण आधी व्हेटना आकडा दाखवून. आणि ओलं फूडही पाकिटावरची चरबी बघूनच निवडा, काही प्रकारांत ती बरीच असते. आकड्यांची तुलना करताना लक्षात ठेवा की ओल्या खाण्यात पाणी भरपूर असतं. ५% चरबी आणि ७५% पाणी लिहिलेलं असेल तर कोरड्या भागात ती २०% भरते.

गोळीवाला

डॉग फूडचा गोळा मऊ पडून गोळी बाहेर डोकावत असेल तर त्यात तिच्याच कोरड्या खाण्याची पूड चिमूटभर मळा, घट्ट होतो. आणि गोळी खाण्यासोबतच देत राहा, मध्ये पद्धत बदलू नका.